‘लॉक’ला कुलूप म्हणावे की कडी?

प्रश्न, रत्नागिरी

पदविकेच्या वर्गासाठी मी संगणकशास्त्राची मराठी टिपणे लिहीत आहे. प्रोग्रॅममधले अनेक थ्रेड, म्हणजे सोबत चालणाऱ्या कामांच्या धारा, एकाच वेळी सामायिक माहितीला हात घालतात, तेव्हा घेतल्या जाणाऱ्या ‘लॉक’ला मी ‘कुलूप’ म्हटले आणि ‘क्रिटिकल सेक्शन’ला, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडने चालवायच्या सूचनांना, ‘गंभीर विभाग’. पण ‘गंभीर विभाग’ वाचून मुलांना रुग्णालयच आठवले. माझे उदाहरण हापूसच्या पेट्यांचे आहे. नोंदीत ४० पेट्या आहेत. एक थ्रेड त्यात ५ मिळवतो आणि दुसरा ७. दोघांनीही आधी ४० हाच आकडा वाचून ठेवला, तर मागाहून लिहिणाऱ्याचे ४५ किंवा ४७ तेवढे उरतात आणि खरे ५२ नोंदीत येतच नाहीत. वाचणे, मिळवणे आणि लिहिणे या तीन पायऱ्या मध्ये दुसरा कोणी न शिरता पार पडाव्यात, एवढेच सांगायचे आहे. योग्य शब्द सुचवावेत.

उत्तर, देवगड

‘कुलूप’ मला पटत नाही. कुलूप लावतो तो बाहेर जाणारा माणूस, आणि ते त्याच्या गैरहजेरीत घर राखते. प्रोग्रॅममधला लॉक आत शिरणाराच लावतो आणि आत असेपर्यंतच तो लागलेला असतो. आपल्याकडे परसातल्या न्हाणीघराला आतून कडी असते. ती लागलेली दिसली की बाहेरचा माणूस खांद्यावर पंचा टाकून पडवीत थांबतो, आणि कडी निघाली की आत जातो. म्हणून मी ‘कडी’ सुचवतो. या शब्दाने नवशिक्यांची एक नेहमीची चूकही चटकन समजते: फंक्शनमधून मध्येच परत फिरताना लॉक सोडायचा राहिला, तर तो आतून कडी लावून खिडकीतून निघून गेल्यासारखा प्रकार होतो; आत कोणी नाही आणि बाहेरची रांग मात्र हलत नाही.

उत्तर, चिपळूण

कडीची दिशा बरोबर आहे. तरीही कडी दार खरोखर अडवते आणि बहुतेक लॉक तसे काहीच अडवत नाहीत. म्यूटेक्स, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला मिळणारा लॉक, हा निव्वळ करार असतो: ज्या थ्रेडने तो मागितलाच नाही, तो थेट जाऊन पेट्यांचा आकडा बदलू शकतो आणि त्याला कोणी हटकत नाही. माझ्या मते येथे रेल्वेचे टोकन अधिक जवळचे आहे. एकेरी मार्गावर जुन्या पद्धतीत दोन स्थानकांमधल्या पट्ट्यासाठी चालकाच्या हाती टोकन लागे. रुळांवर आडवे काहीही नसे, पण टोकनावाचून पुढे जायचे नाही हा नियम सर्वजण पाळत. (त्या पट्ट्यालाही रेल्वेच्या भाषेत ‘ब्लॉक सेक्शन’च म्हणतात. लॉकसारख्याच एका साधनाचा ‘सेमाफोर’ हा शब्दही संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी रेल्वेच्या सिग्नलवरून उचलला.)

शिवाय क्रियापदे पाहावीत. आपण मराठीत बोलताना ‘लॉक घेतला’, ‘लॉक सोडला’, ‘तो लॉक धरून बसला आहे’ असे म्हणतो. कुलूप घेतले म्हटले तर ते बाजारातून विकत आणले असा अर्थ होईल, आणि कडी तर कोणी घेतही नाही. नाम कुलपाचे असले तरी क्रियापदे टोकनाची आहेत, आणि ती बोलणाऱ्यांनी आपसूक बरोबर निवडली आहेत.

उत्तर, मालवण

‘क्रिटिकल सेक्शन’साठी ‘साकव’ कसा वाटतो? व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, टाकलेल्या अरुंद साकवावरून एका वेळी एकानेच जायचे, हे येथे लहान मुलालाही शिकवावे लागत नाही.

उत्तर, देवगड

शब्द सुरेख आहे, पण तो थोडा सरकवावा लागेल. डाइक्स्ट्रा यांच्या १९६५च्या निबंधात क्रिटिकल सेक्शन हा प्रत्येक प्रक्रियेच्या स्वतःच्या सूचनांमधला एक तुकडा आहे. पेट्या वाढवणारे फंक्शन एक आणि कमी करणारे दुसरे असले, तर असे तुकडे दोन होतात, पण लॉक एकच असतो, कारण आकडा एकच आहे. तेव्हा साकव म्हणजे सामायिक आकडा. क्रिटिकल सेक्शन म्हणजे ज्याच्या त्याच्या वाटेतली साकवावर पडणारी पावले. त्या पावलांना मी ‘एकट्याचा टप्पा’ म्हणेन.

प्रश्नकर्ता, रत्नागिरी

आभारी आहे. ‘लॉक’ तसाच ठेवून क्रियापदे ‘घेणे’ आणि ‘सोडणे’ अशी ठेवतो, आणि ‘एकट्याचा टप्पा’ घेतो. न्हाणीघराची खिडकीही टिपणात जाईल. ‘डेडलॉक’ला मी ‘कोंडी’ लिहिले आहे. एकाने होडी धरून ठेवली आहे आणि तो वल्ह्यांची वाट पाहतो. दुसऱ्याने वल्ही धरली आहेत आणि तो होडीची वाट पाहतो. खाडी कोणीच ओलांडत नाही. सर्वांनी आधी वल्ही आणि मगच होडी घ्यायची असा क्रम ठरवला, तर हा प्रसंगच येत नाही.

उत्तर, चिपळूण

उदाहरण ठेवावे, शब्द बदलावा. वाहतुकीची कोंडी तासाभराने का होईना, आपोआप सुटते. डेडलॉक नुसते थांबून कधीच सुटत नाही. सुरगाठ ओढली की सुटते आणि निरगाठ ओढली की आणखी आवळते. मी ‘निरगाठ’ लिहीन, आणि ‘कोंडी’ हा शब्द एकाच लॉकपाशी लागलेल्या लांब रांगेसाठी राखून ठेवीन.