सिट्रीन घ्यायचाय, पण तापवलेला म्हणजे नकली का?

चाफेकळी:
मला पिवळा-केशरी रंग भयंकर आवडतो, त्यामुळे रोज वापरायच्या अंगठीसाठी सिट्रीन घ्यायचं जवळजवळ ठरलंय. पण जितकं वाचतेय तितका गोंधळ वाढतोय. कोणी म्हणतं बाजारातला सगळा सिट्रीन तापवलेला ॲमेथिस्ट (जांभळा खडा) असतो म्हणजे नकलीच, कोणी तोच खडा गोल्डन टोपाझ म्हणून दाखवतं, कोणी थेट पुष्कराजच म्हणतं! नक्की काय समजायचं? गडद घ्यावा की फिका? आणि उन्हाने रंग उडतो हे खरं का?

रत्नवेडा:
नकली अजिबात नाही. सिट्रीन आणि ॲमेथिस्ट दोन्ही क्वार्ट्झच, म्हणजे सिलिकॉन डायऑक्साइड, आणि दोघांचाही रंग मुख्यतः आतल्या लोहाच्या अंशाशी जोडलेला. जांभळा ॲमेथिस्ट साधारण ४०० ते ५०० अंश सेल्सिअसला तापवला की त्याच लोहाचं रूप बदलतं आणि खडा पिवळा, केशरी, कधी तांबूस होतो. खडा खाणीतलाच, फक्त रंग भट्टीतला. न तापवता पिवळा सापडणारा सिट्रीन खरंच दुर्मिळ, आणि तो बहुतेक फिका, जरा धुरकट मधासारखा दिसतो. भडक केशरी किंवा लालसर झाक दिसली तर तापवलेला धरूनच चाला. ते पांढऱ्या बुडाचे आणि वर केशरी टोकांचे गुच्छ विकायला असतात ना, तेही तापवलेले ॲमेथिस्टच. मला स्वतःला तापवलेला घेण्यात काही वावगं वाटत नाही, पण विकणाऱ्याने ते स्पष्ट सांगायला हवं आणि बिलावरही लिहून द्यायला हवं, नैसर्गिक रंगाचा म्हणून जास्त पैसे घेणं ही मात्र फसवणूक.

तराजू:
टोपाझ आणि पुष्कराजचं सांगतो कारण इथे लोक खरंच फसतात. पुष्कराज म्हणजे पिवळा सफायर, कठीणपणा (१ ते १० च्या मोह्ज मापावर) ९. टोपाझ ८, सिट्रीन ७. पण घरी ओरखडे काढून बघू नका प्लीज, खडा वाया जाईल! खडा सुटा असेल तर वजनाने कळतं. आधी कोरडा तोलायचा, मग बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून, तळाला टेकू न देता तोलायचा, आणि कोरड्या वजनाला पाण्यात जितकं वजन घटलं त्याने भागायचं. २.६५ च्या आसपास आलं तर क्वार्ट्झ, ३.५ आलं तर टोपाझ, ४ आलं तर सफायर. काटा मात्र बारीक हवा आणि खड्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे झटकून टाका नाहीतर आकडा चुकतो. एक लक्षात ठेवा, प्रयोगशाळेत बनवलेला क्वार्ट्झही २.६५ च दाखवणार आणि काही काचाही त्याच्या जवळपास येतात, त्यामुळे खडा महाग असेल तर लॅबचा रिपोर्ट घ्याच.

चाफेकळी:
वा, हे कोणीच सांगितलं नव्हतं! मग रंग सोडून अजून काय बघू?

रत्नवेडा:
कट, म्हणजे खड्याला पैलू कसे पाडलेत ते! सिट्रीनमध्ये स्वच्छ आणि मोठे खडे सहज मिळतात, त्यामुळे डोळ्यांना डाग दिसत असेल तर सरळ दुसरा मागा. खरा फरक कटमध्ये पडतो. खडा छापील कागदावर पालथा नाही, सरळ ठेवा आणि वरून बघा. मधोमध अक्षरं आरपार वाचता आली तर तळ उथळ आहे. क्वार्ट्झचा रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स (खड्यात शिरताना प्रकाश किती वळतो त्याचं माप) १.५४-१.५५ म्हणजे तसा कमीच, त्यात वरून मोठा दिसावा म्हणून तळ उथळ ठेवला की प्रकाश परत यायच्या ऐवजी खालून निघून जातो आणि मधला भाग मेल्यासारखा दिसतो. गडद की फिका हा आवडीचा प्रश्न, पण फिका आणि उत्तम कटचा खडा गडद आणि उथळ खड्यापेक्षा मी कधीही घेईन. आणि दिवसाच्या उजेडात बघा, दुकानातल्या पिवळ्या दिव्यांखाली सगळंच सोनेरी वाटतं.

कोंदण_हवंच:
रोजची अंगठी म्हणताय तर कोंदणातच बसवा, नुसत्या प्रॉन्गवर (खडा धरणाऱ्या बारीक आकड्यांवर) नको. धुळीत क्वार्ट्झचेच कण असतात, म्हणजे कठीणपणा तोच ७, त्यामुळे कोरड्या कापडाने घासून पुसलं की हळूहळू कडा बोथट होतात. आधी पाण्याखाली धरा, मग कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश. वाफेने साफ करू नका, गरम पाण्यातून एकदम गारात तर नकोच, चीर जाऊ शकते. हिऱ्याच्या किंवा सफायरच्या दागिन्यांसोबत एका डबीत ठेवू नका. उन्हाचं म्हणाल तर बाहेर हिंडण्याफिरण्याने काही होत नाही, पण खिडकीत कायम तापत ठेवू नका, काही खडे फिके पडतात. आणि पुढे कधी अंगठी झाळायला दिलीत तर आधी खडा काढून घ्यायला सांगा, त्या आचेने रंगही जाऊ शकतो आणि खडाही तडकू शकतो.

चाफेकळी:
कोंदण नक्की! आता आधी सुटाच खडा बघते, छापील कागद पर्समध्ये टाकलाय 🙂