शब्दचर्चा : दिव्यांग खेळाडू, पॅरा खेळाडू आणि ‘अपंगत्वावर मात’

सत्तरीकर :
नमस्कार. मी वाळपईजवळच्या एका हायस्कुलात मराठी शिकवते. ३ डिसेंबरच्या जागतिक अपंग दिनासाठी नववीच्या मुलांनी भित्तिपत्रक करायला घेतलं आहे. विषय त्यांचा त्यांनीच निवडला, जगात पहिल्या फळीत खेळलेले अपंग खेळाडू. मुरलीकांत पेटकर, देवेंद्र झाझरिया, अवनी लेखरा, शीतल देवी यांच्यावर मजकूर तयार आहे. दोघातिघांनी हट्टाने भागवत चंद्रशेखर आणि पतौडी हे क्रिकेटपटूही घेतलेत.

मजकूर चांगला उतरलाय, वाद शब्दांवर आहे. एका गटाने ‘अपंग खेळाडू’ लिहिलं, दुसऱ्याने ‘दिव्यांग’, तिसऱ्याने ‘पॅरा खेळाडू’. घरी कोकणी बोलणाऱ्या मुलांनी ‘खेळगडी’ लिहिलंय. आणि जवळजवळ प्रत्येक परिच्छेदात ‘अपंगत्वावर मात करून’ आहेच. यातलं काय ठेवावं? जाणकारांनी सांगावं.

जुळारी :
बाई, मी पणजीत वर्तमानपत्राच्या क्रीडापानावर बरीच वर्षं काम केलं. तुमच्या तीन शब्दांकडे येतो, पण आधी त्या ‘मात’चं बघू. मला तोच शब्द जास्त खटकतो.

मात हा बुद्धिबळातला शब्द, फारसीतून आलेला. शह आणि मात. ज्याच्याशी डाव मांडला त्याच्यावरच मात होते. आता देवेंद्र झाझरिया यांचं घ्या. राजस्थानातल्या चुरू जिल्ह्यातले. आठ वर्षांचे असताना झाडावर चढले, विजेच्या तारेचा धक्का बसला आणि डावा हात गेला. २००४ साली अथेन्सच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ६२.१५ मीटर भाला फेकला, सुवर्ण आणि जागतिक विक्रम. पुढच्या दोन पॅरालिम्पिकमध्ये त्यांच्या गटाची भालाफेक ठेवलीच नव्हती. बारा वर्षं थांबून २०१६ ला रिओत त्यांनी ६३.९७ मीटर फेकला, पुन्हा सुवर्ण, स्वतःचाच विक्रम मोडून. मग २०२१ साली टोकियो. तिथे फेक ६४.३५ मीटर, म्हणजे रिओपेक्षाही लांब. पदक मात्र रौप्य, कारण श्रीलंकेच्या दिनेश हेरथने ६७.७९ मीटर टाकला होता.

आता ‘अपंगत्वावर मात करून सुवर्ण जिंकलं’ हे वाक्य खरं धरायचं, तर टोकियोत काय झालं? मात थोडी कमी पडली? त्यांचा हात तिन्ही वेळा तसाच होता. रिओत त्यांनी दुसऱ्या भालाफेकपटूंना मागे टाकलं आणि टोकियोत एक भालाफेकपटू त्यांच्या पुढे गेला. मैदानावर एवढंच घडलं, आणि क्रीडापानाने तेच सांगायला हवं. ‘मात’ हा मैदानातला शब्द आपण मैदानाबाहेरच्या गोष्टीला चिकटवला की हेरथ बातमीतून नाहीसा होतो, अंतरं नाहीशी होतात, बारा वर्षं गट नसताना चालू ठेवलेला सराव नाहीसा होतो. उरतो फक्त एक हात नसलेला माणूस. याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून मात केली, नमवलं, धूळ चारली ही क्रियापदं प्रतिस्पर्ध्यांसाठी ठेवा. शरीराबद्दल जे सांगायचं ते एका सरळ वाक्यात सांगा आणि खेळाकडे या. ‘असूनही’ हा शब्दही मुलांच्या मजकुरात किती वेळा आलाय ते मोजून बघा. शीतल देवी ‘हात नसूनही’ बाण मारते असं लिहिलं, तर ती बाण कसा मारते हे सांगायचं राहून जातं. ती पायाने धनुष्य धरते, दोरी खांद्याच्या जोरावर ताणते आणि जबड्याजवळच्या साधनाने बाण सोडते. हे वाचायला मुलांना ‘असूनही’पेक्षा नक्की जास्त आवडेल. २०२४ ला पॅरिसमध्ये तिने राकेश कुमारबरोबर मिश्र सांघिक कांस्य जिंकलं, तेव्हा ती सतरा वर्षांची होती.

अबोली :
जुळारीकाका, झाझरियांचं पटलं. पण पेटकरांच्या बाबतीत ‘मात’ काढवत नाही. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचा माणूस, सैन्यात मुष्टियोद्धा. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचा भाग लुळा पडला. तिथून पोहण्याकडे वळून १९७२ साली हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये ३७.३३ सेकंद, जागतिक विक्रम आणि पॅरालिम्पिकमधलं भारताचं पहिलं सुवर्ण. इतक्या मोठ्या घावातून उठणं ही मात नाही तर काय? जन्मतः असलेली गोष्ट वेगळी, तरुणपणी कोसळलेली वेगळी.

जुळारी :
बाय, हा भेद महत्त्वाचा आहे आणि मला मान्य आहे. तरीही तिथे मराठीत ‘सावरले’ हा शब्द आहे आणि तो जास्त खरा आहे. दुखापतीतून सावरले, मग पोहायला लागले, मग जिंकले. तीन वेगळ्या गोष्टी, तीन क्रियापदं. पेटकर जिंकले तेव्हाही त्यांचे पाय तसेच होते, त्यामुळे लुळेपणावर मात झाली असं म्हणता येत नाही. त्यांना १९७२ नंतर पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं. विक्रम लक्षात ठेवला असता तर इतका वेळ गेला नसता असं मला वाटतं.

झुआरीकाठ :
मी मडगावची. पाठीच्या कण्याला दुखापत झाल्यापासून चाकाच्या खुर्चीत आहे आणि टेबल टेनिस खेळते. राज्य पातळीवरच खेळते, वरच्या खेळाडूंची नावं माझ्यापुढे घेऊ नका, पण शब्दांचा अनुभव त्यांच्याइतकाच आहे.

‘दिव्यांग’ हा शब्द डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी सुचवला आणि वर्षभरात सरकारी खात्याच्या नावात आला. आता दाखल्यावर, अर्जावर, बसच्या राखीव जागेवर तोच आहे, तेव्हा कामकाजात मी वापरते. पण मनाने स्वीकारलेला नाही. दिव्य अंग म्हणजे काय? माझ्या पायांत दिव्य काही नाही, ते हलत नाहीत. माझा बॅकहँड चांगला आहे, तो रोजच्या सरावाने झालाय. अंगाला दिव्य म्हटलं की सरावाचं श्रेय देवाकडे जातं. ‘अपंग’ मला चालतो. विकलांग नको, त्यातला ‘विकल’ ऐकतानाच उदास वाटतं. ही माझी निवड झाली. माझ्या ओळखीत दिव्यांग शब्दाने पहिल्यांदा मान मिळाला असं सांगणारेही आहेत आणि मी त्यांच्याशी वाद घालत नाही. जानेवारी २०२३ मध्ये पणजीत पर्पल फेस्ट हा अपंगांचा महोत्सव पहिल्यांदा झाला, तेव्हा या शब्दावर आमच्यात रात्री उशिरापर्यंत बोलणं झालं आणि एकमत झालं नाही. बाई, मुलांना सांगा, माणूस समोर असेल तर त्यालाच विचारावं.

एक शब्द मात्र सर्वांनीच टाकावा असं मी ठामपणे म्हणेन : ‘खुर्चीला जखडलेला’. स्वित्झर्लंडच्या मार्सेल हुगने २०२१ साली जपानमध्ये ओइताला व्हीलचेअर मॅरेथॉन १ तास १७ मिनिटं ४७ सेकंदांत पूर्ण केली. पायांनी धावणाऱ्यांत केल्विन किप्टमचा २०२३ चा शिकागोतला विक्रम २ तास ३५ सेकंदांचा. हुगला कोणत्या अर्थाने जखडलेला म्हणायचं? माझी खुर्ची नसती तर मी घरात जखडलेली असते. तिच्यामुळे मी बाहेर आहे. ‘व्हीलचेअर वापरणारा’ एवढं पुरतं.

सत्तरीकर :
ताई, तुमचा मजकूर उद्या वर्गात वाचून दाखवते. आता ‘पॅरा’चं सांगा कुणीतरी. आणि चंद्रशेखर-पतौडी कुठे बसतात?

जुळारी :
‘पॅरा खेळाडू’ हा ‘अपंग खेळाडू’चा सौम्य पर्याय समजून हल्ली सर्रास वापरतात. तसा तो नाही. पॅरा म्हणजे त्या स्पर्धापद्धतीत, ठरलेल्या वर्गात खेळणारा. १९४८ साली लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी डॉ. लुडविग गुटमन यांनी स्टोक मँडेव्हिलच्या रुग्णालयात सोळा जखमी सैनिकांची धनुर्विद्येची स्पर्धा घेतली, तिथून ही परंपरा. सुरुवातीला त्या नावातला ‘पॅरा’ पॅराप्लेजियातला, म्हणजे कमरेखालच्या लुळेपणातला होता. पुढे दृष्टिहीन, हात-पाय गमावलेले असे इतर खेळाडू आले आणि आता तो ग्रीक ‘पॅरा’ म्हणून समजला जातो, अर्थ ‘शेजारी, बरोबरीने’. ऑलिम्पिकच्या शेजारी भरणारी स्पर्धा. त्यामुळे ‘पॅराऑलिम्पिक’ असं फोडून लिहू नका, ‘पॅरालिम्पिक’ हेच नाव आहे.

वर्ग म्हणजे एफ४६, टी११ वगैरे. टी धावपट्टीवरचे प्रकार, एफ फेकीचे. पहिला आकडा साधारणपणे अपंगत्वाचा प्रकार सांगतो, दुसरा त्या प्रकारातली तीव्रता. ११ ते १३ दृष्टीचे, ३१ ते ३८ मेंदूच्या पक्षाघाताशी संबंधित, चाळिशीत बुटके आणि हात-पायांचे, पन्नाशीत बसून खेळणारे, ६१ ते ६४ कृत्रिम पाय लावून खेळणारे. भालाफेकपटू सुमित अंतिल एफ६४ मधला आणि झाझरिया एफ४६ मधले, म्हणून पॅरिसमधल्या त्याच्या ७०.५९ मीटरची तुलना झाझरियांच्या आकड्यांशी करायची नसते. फलकावर प्रत्येक नावापुढे वर्ग लिहाच. तो नसेल तर अंतराला अर्थ राहत नाही. आपल्या शेजारच्या महाराष्ट्रातल्या, सांगलीच्या आटपाडी तालुक्यातल्या सचिन खिलारींनाही जागा द्या, पॅरिसला एफ४६ गोळाफेकीत १६.३२ मीटर, रौप्य.

चंद्रशेखर आणि पतौडी पॅरा खेळाडू नव्हते. चंद्रशेखरांचा उजवा हात लहानपणी पोलिओने बारीक झाला होता. चेंडू ते डाव्या हाताने फेकत आणि गोलंदाजी त्याच उजव्या हाताने करत. १९७१ ला ओव्हलवर ३८ धावांत ६ बळी आणि इंग्लंडमधला भारताचा पहिला मालिका विजय. पतौडींचा उजवा डोळा १९६१ च्या मोटार अपघातात निकामी झाला आणि पुढच्याच वर्षी, एकविसाव्या वर्षी, ते भारताचे कप्तान झाले. दोघेही सर्वांच्या स्पर्धेत खेळले, वर्ग नव्हता. त्यांना ‘कसोटीपटू’ म्हणा. काही जण दोन्हीकडे खेळतात. पोलंडची टेबल टेनिसपटू नतालिया पार्तिका उजव्या कोपराखाली हात नसताना २००८ ला ऑलिम्पिकही खेळली आणि पॅरालिम्पिकही. आणि आपल्या गोव्यात राहणारे टिंकेश कौशिक, दोन्ही पाय आणि एक हात नाही, मे २०२४ मध्ये एव्हरेस्टच्या पायथ्याच्या तळावर पोहोचले. तेही पॅरा खेळाडू नव्हेत, गिर्यारोहक.

‘खेळगडी’ ठेवा. मराठीत तो बरोबर खेळणारा सवंगडी आणि कोकणीत खेळगडो म्हणजे खेळाडू. गोव्यातल्या फलकावर तो शोभेल.

अबोली :
अजून एक. ‘मूकबधिर’ नको, ‘कर्णबधिर’ लिहा. ऐकू न येणारे सगळे मुके नसतात, आणि खुणांची भाषा ही भाषाच आहे. त्यांची डेफलिम्पिक्स वेगळी, १९२४ साली पॅरिसला सुरू झाली, म्हणजे पॅरालिम्पिकच्या कितीतरी आधी. बौद्धिक अक्षमता असलेल्यांचं स्पेशल ऑलिम्पिक्स तिसरं, १९६८ चं. बातम्यांत या तिन्हींची सरमिसळ होते.

झुआरीकाठ :
दृष्टिहीन धावपटूबरोबर जो दोरी धरून धावतो त्याला काय म्हणायचं? पॅरिसला सिमरन शर्माने टी१२ च्या २०० मीटरमध्ये कांस्य जिंकलं तेव्हा एका ठिकाणी त्याला ‘वाटाड्या’ म्हटलेलं वाचलं.

जुळारी :
गोड शब्द आहे, पण तिथे चुकतो. वाटाड्या पुढे चालतो. धावपट्टीवर त्या जोडीदाराने पुढे जायचं नसतं, धावपटूला ओढायचं नसतं आणि रेषा धावपटूनेच आधी ओलांडावी लागते. दोघांची पावलं एकाच तालात पडावी लागतात, त्यासाठी दोघं मिळून सराव करतात, आणि पदक दोघांनाही मिळतं. मी ‘सोबती धावपटू’ लिहीन.