ऑपरेशनमध्ये फेंटानिल (मॉर्फिनच्या जातीचं तीव्र वेदनाशामक) दिलं होतं. बोटीवर जाण्याआधीच्या मेडिकलला सांगावं का?

डोंबिवलीचा मामा: भाचा मर्चंट नेव्हीत आहे. हर्नियाचं ऑपरेशन झालं, कागदांवर फेंटानिल लिहिलंय. आता जॉइनिंगआधी लघवीची ड्रग टेस्ट. माझं मत स्पष्ट आहे, विचारल्याशिवाय बोलू नये. अमेरिकेतल्या नशेच्या बातम्या वाचून नुसत्या नावानेच लोक दचकतात. मॅनिंग ऑफिसात (बोटीवर माणसं भरती करणाऱ्या कंपनीत) एकदा बभ्रा झाला की पोराचं कॉन्ट्रॅक्ट गेलंच समजा.

भूलवाली डॉक्टर, परळ: दचकण्यासारखं काय आहे? भूल देताना आम्ही ते रोज वापरतो. मॉर्फिनपेक्षा ५० ते १०० पट तीव्र, म्हणून तर डोस मायक्रोग्रॅममध्ये. ऑपरेशनपुरतं दिलेलं असेल तर लघवीत साधारण एक ते तीन दिवस सापडतं. शिवाय 'ओपिएट'ची, म्हणजे अफूपासूनच्या औषधांची, साधी स्ट्रिप मॉर्फिन-कोडीनसाठी असते, त्यावर फेंटानिल उमटतच नाही. त्याची टेस्ट वेगळी. तरीही आधी सांगावं.

डोंबिवलीचा मामा: म्हणजे सापडणारच नाही आणि तरी सांगायचं? हे म्हणजे आ बैल मुझे मार!

भूलवाली डॉक्टर, परळ: घरी आल्यावर काय काय घेतलं ते कुठे ठाऊक आहे तुम्हाला? खोकल्याचं कोडीनवालं औषध घेतलं असेल तर त्यातल्या काही भागाचं शरीरात मॉर्फिन होतं. रिपोर्ट पॉझिटिव्ह आल्यावर खिशातून काढलेली चिठ्ठी आणि आधीच फॉर्मवर लिहिलेलं नाव, फरक पडतो हो.

खसखसवाली काकू: दिवाळीत अनारसे खाल्ले तरी पॉझिटिव्ह येतं म्हणे!

भूलवाली डॉक्टर, परळ: येऊ शकतं. याच कारणाने अमेरिकेत सरकारी चाचण्यांत पॉझिटिव्ह धरायची मर्यादा १९९८ मध्ये ३०० वरून २००० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर केली. मोठ्या मशीनवर खात्री केली तरी मॉर्फिनच दिसणार, कारण खसखशीत ते खरंच असतं. म्हणून शेवटी कागद बघून माणसानेच ठरवावं लागतं.

थर्ड इंजिनीअर: चिठ्ठी आहे म्हणजे सगळं माफ, हे मात्र पटत नाही. दुखतंय म्हणून फेंटानिलचा पॅच (त्वचेवर चिकटवायची औषधी पट्टी) लावून कोणी चढणार असेल तर मी त्याच्यासोबत वॉच, म्हणजे ड्युटीची पाळी, करणार नाही. पॅच ७२ तास चालतो, आणि उष्णतेने त्यातलं औषध जास्त वेगाने शरीरात जातं. आमच्या इंजिन रूममध्ये चाळिशीच्या वर तापमान असतं. गुंगी आली, श्वास मंदावला तर भर समुद्रात करणार काय? टेस्ट निगेटिव्ह आली तरी तो माणूस अनफिटच.

डोंबिवलीचा मामा: पॅच-बिच काही नाही हो, टाकेसुद्धा सुकले. ठीक आहे, मेडिकलच्या डॉक्टरला डिस्चार्ज कार्ड दाखवायला सांगतो. पण मॅनिंग ऑफिसला एक अक्षर सांगू देणार नाही.

थर्ड इंजिनीअर: नकाच सांगू. त्यांना फक्त फिट की अनफिट एवढंच हवं असतं. बाकीचं कळलं की चहाच्या टपरीपर्यंत पोचतं.