बुसी नावाचा फ्रेंच सरदार: तीनशे गोऱ्यांवर निजामाच्या दरबारात टिकला कसा?

महालची_पोट्टी

नमस्कार मंडळी. मी नागपूरची, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करून राहिली. अभ्यासिकेत काल पानिपतावरून वाद झाला. इब्राहिमखान गारद्याचं नाव आलं की पुस्तक म्हणते "हा बुसीच्या हाताखाली तयार झाला", आणि पुढच्या परिच्छेदावर उडी. हा बुसी कोण, कुठून आला, त्याचं पुढं काय झालं, काहीच नाही. तीनेकशे गोरे घेऊन आलेला माणूस निजामाच्या घरात सात वर्षं कसा टिकला? आपल्या रघूजी भोसल्यांशी त्याची गाठ पडली का? आणि एवढा भारी होता, तर मग फ्रेंच हरले काऊन?

सदरचा_भाऊ

सोपं आहे. फ्रेंचांच्या तोफा भारी होत्या, आपल्या नव्हत्या. संपला विषय.

डिफेन्सवाले_काका

भाऊ, विषय इथून सुरू होते. माझी सगळी नोकरी वाडीच्या डिफेन्समध्ये तोफेच्या गोळ्यातच गेली, म्हणून बोलतो. तोफ विकत मिळते. निजामाकडे होत्या, पेशव्यांकडेही होत्या. समोरून घोडदळ अंगावर येत असताना जागा न सोडता तोफ भरून डागत राहणारी माणसं मात्र विकत मिळत नाहीत. ती शिकवून तयार करावी लागतात, आणि तयार झाली की दर महिन्याला पगार द्यावा लागतो. पोरी, बुसीची कारकीर्द पगाराच्या बाजूनं वाच.

शार्ल बुसी हा सोआसाँजवळच्या गावातला. घराणं खानदानी, पण पैसा नाही. मार्कीस (फ्रेंच सरदारकीचा किताब) वगैरे मागाहून. नशीब काढायला फ्रेंच कंपनीच्या फौजेत शिरला आणि पाँडिचेरीत फ्रेंच गव्हर्नर डुप्लेच्या नजरेत भरला. नाव झालं ते सप्टेंबर १७५० मध्ये, जिंजीला. जिंजी म्हणजे आपल्या राजाराम महाराजांची जिंजी; औरंगजेबाचा सरदार झुल्फिकारखान १६९० पासून १६९८ पर्यंत तिच्यासमोर बसून होता. बुसीनं दरवाजा सुरुंगाच्या दारूनं उडवला आणि एका रात्रीत तिन्ही डोंगर घेतले. हे वाचून लोक हरखून जातात. मी नाही जात. आत इंग्रजांच्या बाजूच्या महंमद अलीची, कर्नाटकच्या नवाबीवर हक्क सांगणाऱ्याची, नुकतीच मार खाऊन पळालेली फौज होती. किल्ला तोच असला तरी आतली माणसं राजारामाची नव्हती.

जानेवारी १७५१ मध्ये तो नव्या निजामाला, मुजफ्फरजंगाला, दख्खनेत पोचवायला निघाला. बरोबर ३०० च्या आसपास गोरे आणि २,००० कवायती शिपाई. वाटेत कडप्पा-कर्नूलच्या पठाण नवाबांशी झुंज झाली आणि निजामच मारला गेला. दुसरा कोणी असता तर पाँडिचेरीला परतला असता. बुसीनं छावणीतच कैदेत असलेल्या सलाबतजंगाला बाहेर काढून गादीवर बसवलं. आता ज्या निजामाला आपली गादी कोणामुळं मिळाली हे पक्कं ठाऊक आहे, तो त्या माणसाला सोडणार कसा?

त्याच वर्षी नोव्हेंबरात नानासाहेब पेशव्यांशी लढाई. चंद्रग्रहणाच्या रात्री कुकडी नदीकाठी मराठ्यांच्या तळावर छापा घातला. पेशवे ग्रहणाच्या स्नान-पूजेत होते, पूजेची सोन्याची उपकरणीसुद्धा लुटीत गेली. निजामाची फौज कोरेगाव भीमापर्यंत आली.

सदरचा_भाऊ

म्हणजे तोफाच की राजे!

डिफेन्सवाले_काका

पुढचं वाच ना बाप्पा. चारपाच दिवसांत मराठ्यांनी मलठणजवळ निजामाच्या फौजेला असं झोडपलं, की जानेवारी १७५२ मध्ये शस्त्रसंधी झाली. आणि वर्षाच्या शेवटी भालकीचा तह होऊन बागलाण, खानदेश आणि वऱ्हाडाचा पश्चिम भाग पेशव्यांकडे गेला. बुसी सोबत असताना! त्याची फलटण जिथं उभी तिथं कोणी टिकायचं नाही, पण चहूबाजूंनी रसद तोडणाऱ्या घोडदळामागं ती धावू शकत नव्हती. हे त्याला स्वतःलाही कळत होतं, म्हणून मराठ्यांशी तो शक्यतो मिटवून घ्यायच्या बाजूचा असे.

आता पगार. १७५३ मध्ये बुसी आजारी पडून मछलीपट्टणला गेला. मागं दिवाण सय्यद लष्करखानानं काय केलं? लढाई-बिढाई काही नाही. पगार थकवला आणि फलटणी गावोगाव पांगवल्या. शिपाई उपाशी, कुरकुर सुरू. बुसी दुखणं अर्धवट टाकून परत आला, सगळी फौज गोळा केली आणि औरंगाबादला जाऊन उभा राहिला. वर्षाअखेर सलाबतजंगाकडून मुस्तफानगर, एलुरू, राजमहेंद्री आणि चिकाकोल हे चार सरकार (म्हणजे जिल्ह्यासारखे मुलूख) लिहून घेतले. समुद्रकाठचा सुपीक मुलूख, वसूल तीस लाखांच्या वर धरलेला. म्हणजे फौजेचा पगार आता दिवाणाच्या मर्जीवर नाही, थेट जमिनीच्या वसुलातून. माझ्या मते त्याच्या साऱ्या लढायांपेक्षा हा कागद मोठा.

रघूजींचं विचारलं होतंस. त्यांनी याच गडबडीत गाविलगड, नरनाळा आणि माणिकगड निजामाकडून घेतले होते. म्हणून १७५४ च्या सुरुवातीला सलाबतजंग आणि बुसी त्यांच्यावर चालून आले, एप्रिलमध्ये तह झाला. पुढच्या फेब्रुवारीत रघूजी वारले.

बोब्बिलीची_सून

काका, छान सांगून राहिले, पण एक नाव गाळलं. माझं माहेर विजयनगरमकडचं, लग्न होऊन नागपूरला आले. आमच्याकडे बुसी म्हटलं की पगार नाही आठवत, बोब्बिली आठवते. ते चार सरकार कागदावर मिळाले, वसूल जमीनदारांकडून यायचा. विजयनगरमचा राजा विजयरामराजू बुसीच्या बाजूला; त्याचं बोब्बिलीच्या रंगारावशी जुनं वैर. त्यानं बुसीला बोब्बिलीवर नेलं. २४ जानेवारी १७५७. मातीच्या गढीवर तोफा चालल्या. आता टिकाव नाही हे दिसल्यावर आतल्या लोकांनी आधी आपल्या बायकापोरांना मारलं आणि मग लढत मेले. रंगारावचं एक लहान लेकरू तेवढं वाचलं. तीन रात्रींनी बोब्बिलीच्याच तांड्र पापारायुडूनं विजयरामराजूला त्याच्या तंबूत शिरून ठार केलं. बुर्रकथेत, म्हणजे आमच्याकडच्या गाऊन सांगायच्या लोककथेत, हे अजून सांगतात, आणि ऐकताना माझी आजी बुसीच्या नावानं बोटं मोडायची.

डिफेन्सवाले_काका

ताई, बरं केलं लिहिलं. पगार जमिनीतून येतो म्हटलं की तो कोणाच्या तरी गढीतून येतो, हे आम्हा कारखान्यातल्या माणसांच्या हिशेबात येत नाही.

महालची_पोट्टी

ताई, हे कुठल्याच गाईडमध्ये नाही. काका, इब्राहिमखान? आणि हरले काऊन?

डिफेन्सवाले_काका

इब्राहिमखान त्याच मुलखात बुसीच्या चाकरीत होता. बिनसलं, तसा निघाला आणि आपल्या वऱ्हाडात एलिचपूरला सलाबतजंगाचा भाऊ निजामअली याच्याकडे गेला. तिथून सदाशिवरावभाऊंकडे. फेब्रुवारी १७६० ला उदगीरला त्याच्याच तोफांनी निजामाला जेरीस आणलं. जो पगार देईल त्याची फलटण, हे निजामाला फार महागात पडलं.

त्याआधी १७५६ चा किस्सा ऐक. सावनूरच्या मोहिमेत दिवाण शाहनवाजखानानं सलाबतजंगाकडून बुसीला बडतर्फ करवलं. बुसी मुकाट्यानं निघाला. नानासाहेबांनी लगेच आपल्याकडे यायचं आमंत्रण दिलं. तो नाही म्हणाला, तरी वाटेत दगाफटका नको म्हणून मल्हारराव होळकरांबरोबर स्वार दिले. पेशव्यांचं राजकारण बघ! बुसी मछलीपट्टणला जातो असं दाखवून हैदराबादेत चारमहाल नावाच्या वाड्यात शिरला आणि मोर्चे बांधून बसला. ऑगस्टमध्ये समुद्रकाठाहून कुमक पोचली, तसा सलाबतजंग पुन्हा गोड झाला.

हरले ते फ्रान्सहून आलेल्या साहेबामुळं, असं माझं मत आहे. डुप्लेला १७५४ मध्येच परत बोलावलं होतं. १७५८ मध्ये लाली हा नवा फ्रेंच सेनापती आला. शूर होता, पण हिंदुस्थानातल्या कोणाचंही ऐकायचं नाही असं ठरवून आलेला. त्यानं बुसीला दख्खन सोडून कर्नाटकात यायचा हुकूम पाठवला. बुसीनं परोपरीनं लिहिलं, पण हुकूम तो हुकूम. तो निघाल्यावर डिसेंबरात इंग्रजांच्या फोर्डनं त्याच्या जागी ठेवलेल्या कॉन्फ्लांला हरवलं, एप्रिल १७५९ मध्ये मछलीपट्टण घेतलं, आणि सलाबतजंगानं इंग्रजांशी करार केला. सात वर्षांची कमाई वर्षभराच्या आत गेली.

२२ जानेवारी १७६० ला तमिळ मुलखातल्या वांदिवाशची लढाई. लाली विरुद्ध इंग्रजांचा आयर कूट. इथं माझा जीव अडकतो. फ्रेंचांच्या डाव्या बगलेला तळ्याकाठी मोर्चा होता आणि दारूचा गाडा तोफांच्या अगदी जवळ उभा. इंग्रजांचा एक गोळा नेमका त्यावर पडला. मोर्च्याचा अधिकारी जागीच गेला, ऐंशीच्या आसपास माणसं मेली-भाजली, उरलेली पळाली. आमच्याकडे दारू एका इमारतीत किती ठेवायची आणि दोन इमारतींत अंतर किती, यावरून साहेब लोक जीव खायचे, पोट्टे वैतागायचे. त्यांना मी हीच लढाई सांगायचो. बुसी पळणाऱ्यांना सावरायला त्या बाजूला धावला, घोडा गोळी लागून पडला आणि तो इंग्रजांच्या हाती लागला.

सदरचा_भाऊ

बरं, मानलं. मग त्याला फाशी दिली का?

डिफेन्सवाले_काका

नाही जी. त्या काळी अधिकाऱ्याच्या शब्दावर सोडत. बुसी फ्रान्सला गेला. हिंदुस्थानात कमावलेला पैसा भरपूर होता, जहागीर घेतली, मार्कीस म्हणून मिरवला. डोकं उडालं ते लालीचं, पॅरिसमध्ये, १७६६ ला. त्या खटल्यात दोघांनी एकमेकांवर भरपूर चिखल उडवून घेतला.

मार्च १७८३ मध्ये बुसी पुन्हा आला, हैदरच्या मुलाला, टिपूला, मदत करायला. वय साठीच्या पुढं, अंगात दुखणं. १३ जूनला कडलूरला इंग्रजांनी हल्ला केला तेव्हा तो मोर्च्यांच्या आड राहून लढला. जुना बुसी बाहेर पडला असता असं म्हणतात. मला तसं वाटत नाही, आजारी फौज घेऊन कोण बाहेर पडते? समुद्रावर फ्रेंच आरमारप्रमुख सफ्राँनं इंग्रजांचं आरमार हटवलं, तेवढ्यात युरोपातल्या तहाची बातमी आली आणि तोफा थांबल्या. ७ जानेवारी १७८५ ला पाँडिचेरीत वारला. तिथं बुसी स्ट्रीट आहे, आता लालबहादूर शास्त्रींचं नाव दिलंय, पण रिक्षावाल्याला दोन्ही नावं समजतात.