आवाज गेला म्हणून सगळेच कॅपॅसिटर उपटायचे?

पंचगंगा_प्रोब
काल शाहूपुरी_कॅबिनेट यांनी लिहिलं: “नाणं टाकून खेळायच्या जुन्या गेमच्या बोर्डाचा आवाज गेला की शोधाशोध करू नका. सगळे इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर बदला, बोर्ड बोलायला लागतो.” हे वाचून गप्प बसवत नाही. कॅपॅसिटर काढताना बघा, त्याचा ग्राउंडचा पाय जाड तांब्याला जोडलेला असतो, तो लवकर तापत नाही. माणूस जोर लावतो आणि भोकातलं तांबं पायाबरोबर निघून येतं. आवाज नव्हताच, आता चित्रही गेलं.

आधी डीआयपी स्विच (बोर्डावरचे सेटिंगचे बारके स्विच) बघा. डेमो साउंड बंद असेल तर नाणं टाकेपर्यंत बोर्ड गप्पच राहणार. मग जॅमा कनेक्टर, म्हणजे बोर्ड कॅबिनेटला जोडणारी पट्ट्यांची कडा: ३ आणि ४ नंबरच्या पट्टीवर ५ व्होल्ट, ६ वर १२, ५ नंबरवर उणे ५. स्पीकर १० आणि एल वर. पाच व्होल्ट मात्र कनेक्टरवर नव्हे, लांबच्या टोकाच्या आयसीवर (चिपवर) मोजा. तिथे ४.७५ च्या खाली असेल तर पुढची सगळी तपासणी फुकट. आपल्याकडे पावसाळाभर ओल असते, कनेक्टरच्या पट्ट्या काळ्या पडतात. पेन्सिलच्या रबराने घासून स्पिरिटने पुसा.

एवढं ठीक असेल तर कॉम्प्युटरचा अँपवाला (अँप्लिफायरवाला) स्पीकर घ्या, त्याच्या वायरला ०.१ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर (कॅप) सिरीजमध्ये जोडा, ग्राउंड बोर्डाला लावा. हा झाला प्रोब. आता डॅकपासून (आकड्यांचा आवाज करणारी चिप) पुढे एकेक ठिकाणी टोक टेकवत चला: ऑपअँप (आवाज थोडा वाढवणारी चिप), व्हॉल्यूमचा मधला पाय, अँपचं इनपुट, आउटपुट. आवाज जिथे तुटला तिथेच बिघाड.

शाहूपुरी_कॅबिनेट
“सगळे” म्हणालो कारण कुठला सुकलाय ते बाहेरून दिसत नाही. न फुगलेला, न गळलेलाही आतून मेलेला असतो. मॉनिटरच्या उष्णतेत हे बोर्ड वर्षानुवर्षं भाजलेत.

तुमच्या प्रोबचीही फसगत होते. टीडीए २००३ हा अँपचा आयसी घ्या. पाय २ वरचा ४७० मायक्रोफॅरडचा कॅप सुकला की गुरगुर वाढते आणि बास जातो. तुमचा प्रोब सांगणार, पाय १ वर (इनपुट) आवाज स्वच्छ, पाय ४ वर (आउटपुट) घाण. म्हणजे आयसी गेला! आयसी बदलला तरी गुरगुर तशीच.

पंचगंगा_प्रोब
४७० चा मुद्दा खरा आहे, तो मान्य. पण तो एक कॅप झाला, चाळीस नव्हेत. आणि टीडीए २००३ चा निकाल मीटरनेच लागतो. पाय ५ वर (पुरवठा) १२ व्होल्ट असताना पाय ४ वर निम्मे, म्हणजे साधारण ६ व्होल्ट हवेत. शून्याला किंवा १२ ला चिकटला असेल तर आयसीवर संशय. पाय ४ वर आवाज आहे, पण स्पीकरकडे जाणाऱ्या १००० मायक्रोफॅरडच्या कॅपच्या पलीकडे नाही, तर तेवढाच कॅप बदला.

साउंड_मंगळवारपेठ
कशाला एवढा कुटाणा करताय राव? बोर्डावरचा अँप सोडून द्या. व्हॉल्यूमच्या मधल्या पायावरून वायर काढा, बाहेरचा अँप लावा. किंवा सरळ स्पीकरच्या दोन वायरी अँपच्या इनपुटला द्या. मायनस अर्थ करून टाका, गुरगुर पण जाते.

पंचगंगा_प्रोब
ही शेवटची दोन वाक्यं काढून टाका! कुणीतरी वाचून तसंच करेल. एमबी ३७३० सारखे अँप ब्रिज पद्धतीचे आहेत, स्पीकरची एकही वायर ग्राउंड नसते. मायनस अर्थ केला की अर्धा अँप शॉर्ट.

साउंड_मंगळवारपेठ
आवाज वाढवून बोलू नका. मिरवणुकीच्या सिस्टीम जोडणाऱ्याला ब्रिज शिकवायची गरज नाही. पण गेमच्या बोर्डाला सगळीकडे ब्रिज असतो का? नसतो.

पंचगंगा_प्रोब
नसतो, म्हणूनच आधी बघायचं. वीज बंद करा, मीटर कंटिन्युइटीवर (जोड असेल तर बीप देणारा) ठेवून एल आणि ग्राउंड तपासा. बीप आला तर साधा अँप. नाही आला तर वीज चालू करून दोन्ही वायरी ग्राउंडच्या तुलनेत मोजा. दोन्हीवर पुरवठ्याच्या निम्मे व्होल्ट म्हणजे ब्रिज.

साउंड_मंगळवारपेठ
ठीक. स्पीकरच्या वायरी इनपुटला देऊ नका, अर्थही करू नका, माझं ते वाक्य मागे. व्हॉल्यूमवरून आवाज घेण्याचं मात्र मागे घेत नाही. जळका अँप आयसी मिळत नसेल तर कॅबिनेट मुकं ठेवायचं का?

उद्यमनगर_सोल्डर
व्हॉल्यूमवरून घेतलं तरी लोक पुढे एक चूक करतात. “बोर्डाचा अँप वापरायचा नाही ना?” म्हणून १२ व्होल्टची वायरच सोडतात. मग आधीचा ऑपअँपही मरतो, कारण अनेक बोर्डांवर त्यालाही तेच १२ लागतात.

उणे ५ वरही कुणी बोलत नाही. कॉम्प्युटरचा एटीएक्स सप्लाय बसवायची टूम निघालीय, नव्या एटीएक्समध्ये उणे ५ येतच नाही. ज्या जुन्या बोर्डांचे ऑपअँप उणे ५ वर चालतात ते चित्र व्यवस्थित दाखवतात आणि आवाज शून्य. उणे १२ वरून ७९०५ (उणे ५ देणारा रेग्युलेटर) लावा, पण अधिक ५ देणाऱ्या ७८०५ सारखा जोडू नका. ७९०५ चा पाय १ ग्राउंड, २ इनपुट, ३ आउटपुट, आणि पाठीचा पत्रा इनपुटला जोडलेला. तो कॅबिनेटच्या लोखंडाला आवळला की उणे १२ थेट अर्थ. वीज अडवायला मध्ये अभ्रक आणि बुश घाला.

साउंड_मंगळवारपेठ
हे कामाचं.

रंकाळा_चौऱ्याहत्तर
सगळे अँपच्या मागे लागलात. मूळ प्रश्न असा हवा की आवाज पूर्ण गेलाय की अर्धा? इफेक्ट येतात आणि संगीत नाही, तर अँप ठणठणीत आहे. संगीताची चिप वायएम २१५१ आणि तिचा डॅक वायएम ३०१२ बघा. संगीत आहे पण माणसांचे आवाज नाहीत, तर रेकॉर्ड केलेले आवाज वाजवणारी एमएसएम ६२९५ आणि तिची रॉम (साठवणीची चिप).

काहीच नसेल तर आवाजाचा प्रोसेसर झेड ८० चालतोय का? पाय ६ वर क्लॉक, पाय २६ रीसेट वर उचललेला, पाय २७ वर ठोके. २७ गप्प असेल तर प्रोसेसर अडलाय: रॉमचे पाय काळे, किंवा ६११६ रॅम गेलेली. २७ चालतोय पण नाणं टाकल्यावर १६ किंवा १७ वर इंटरप्ट येत नाही, तर मुख्य प्रोसेसरचा हुकूम पोचवणारा लॅच, बहुतेक एलएस ३७४ किंवा २७३. यात कॅपॅसिटरचा संबंध कुठे आला?

शाहूपुरी_कॅबिनेट
मुस्तफा गेमच्या (कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स) बोर्डावर झेड ८० दाखवा मग.

रंकाळा_चौऱ्याहत्तर
१९९३ च्या मूळ बोर्डावर आहे, काबुकी नावाचा. रॉमचं कुलूप उघडणारी त्याची किल्ली बॅटरीवर जपलेली असते. बॅटरी मेली की प्रोसेसरला स्वतःची रॉम वाचता येत नाही, मग कितीही कॅप बदला. नकली बोर्डाच्या एका प्रकारात झेड ८० नाही, वायएम नाही. पीआयसी १६सी५७ हा छोटा प्रोसेसर आणि एम ६२९५, बास. म्हणून आधी बोर्ड कुठला ते लिहा, मग उपाय सांगा.

शाहूपुरी_कॅबिनेट
“सगळे” हा शब्द मागे घेतो. अँपजवळचे सात-आठ कॅप मात्र आधी बदलावेत, यावर मी ठाम आहे. अर्ध्या तासाचं काम.

पंचगंगा_प्रोब
अँप बिघडल्याचं मोजून कळल्यावर बदला, माझी काही हरकत नाही. पाय जाड तांब्याला असेल तर आधी ताजं सोल्डर आणि फ्लक्स घाला, दोन्ही पाय आळीपाळीने तापवा, कॅप स्वतःहून सैल होऊ द्या. ओढू नका.

शाहूपुरी_कॅबिनेट
ज्या बोर्डावरून मी लिहिलं त्याचे कॅप बदलून झालेत. आवाज नाही. टीडीए २००३, पाय ४ वर ०.२ व्होल्ट.

उद्यमनगर_सोल्डर
पाय ५ वर किती आहेत? आयसीच्या पायावरच मोजा, कनेक्टरवर नको.

शाहूपुरी_कॅबिनेट
पाय ५ वर शून्य. कनेक्टरवर १२ पूर्ण.

रंकाळा_चौऱ्याहत्तर
मग वाटेतला ट्रॅक तुटलाय, नाहीतर सिरीजमधली कॉइल किंवा रेझिस्टर उघडा पडलाय. उपटलेल्या कॅपच्या प्लसच्या भोकापासून कंटिन्युइटी घ्या.