अँबॅसिडर मार्क २: थर्मोस्टॅट हाउसिंगचा स्टड हेडमध्येच तुटलाय, हेड न उतरवता काढता येईल का? (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी,

जुन्या गाड्यांवर काम करणाऱ्यांची आणि मशीन शॉपमधल्या जाणकारांची मदत हवी आहे.

गाडी वडिलांची, १९६७ची अँबॅसिडर मार्क २. इंजिन मूळचंच, बीएमसी बी सिरीजचं १४८९ सीसी पेट्रोल. हेड (इंजिनचा वरचा, झाकणासारखा भाग) आणि ब्लॉक दोन्ही बिडाचे. पन्हाळ्याचा चढ लागला की गाडी तापायला लागली. रेडिएटर धुऊन घेतला, पंख्याचा पट्टा ताणला, फरक नाही. मग थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी ठरावीक गरम झालं की रेडिएटरकडे सोडणारी झडप, उघडून बघायचं ठरवलं.

हेडच्या पुढच्या टोकाला, वरच्या होजपाइपखाली जे ॲल्युमिनियमचं हाउसिंग असतं ते तीन उभ्या स्टडवर (हेडमध्ये पिळलेल्या, दोन्ही टोकांना आटे असलेल्या दांड्यांवर) बसतं. नट तिन्ही सुटले, पण हाउसिंग जागचं हलेना. पोलादी स्टड, त्याला लागून ॲल्युमिनियम आणि मधल्या फटीत झिरपलेलं पाणी. दोन वेगळे धातू ओलाव्यात एकत्र आले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. इथं त्याची पांढरी पूड फटीत घट्ट बसली होती. गंज सोडवायचा स्प्रे मारून रात्रभर ठेवलं, लाकडी हातोड्यानं चहूबाजूंनी हलकं ठोकलं. दोन स्टडवरून हाउसिंग सुटलं, रेडिएटरकडच्या तिसऱ्या स्टडचा मात्र तुकडा पडला. तोही हेडच्या पृष्ठभागापासून साधारण एक मिलिमीटर खाली. व्हाइस ग्रिपनं धरायला किंवा डबल नट लावायला काही शिल्लक नाही.

इथं ज्याला त्याला विचारलं, प्रत्येकाचं वेगळं. एकजण म्हणतो, लगेच इझी-आउट (तुटलेल्या स्टडमध्ये भोक पाडून त्यात उलटा पिळायचा स्क्रू) लावा. माझा त्याला विरोध आहे. जो स्टड जाडजूड असताना सुटला नाही, तो मधून पोखरून त्यात बारीक इझी-आउट पिळल्यावर सुटेल कसा? इझी-आउट कडक पोलादाचा आणि ठिसूळ असतो. तो आत मोडला तर साधा एचएसएस (हाय स्पीड स्टील) ड्रिल त्यावर नुसता घासत राहतो आणि मग खरा इस्कोट.

दुसरा सल्ला सरळ मोठं भोक मारून १० मिलिमीटरचे आटे पाडायचा. काम अर्ध्या तासाचं आहे हे मान्य, पण मग हाउसिंगचं भोकही वाढवावं लागणार आणि त्याची कड आधीच खाल्लेली आहे. शिवाय हे हेड मला जसं होतं तसं ठेवायचं आहे. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ साली केंद्रानं व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले, त्यात गाडी मूळ रूपात असावी लागते. एका स्टडनं त्यात अडणार नाही हे कळतं. पण आज एक भोक, उद्या दुसरं, असं करत जुनं इंजिन हातचं जातं, ते मला होऊ द्यायचं नाही.

तिसरी गोष्ट दुकानातली. ५/१६ इंचाचा स्टड मागितला तर समोर एम ८ (८ मिलिमीटरचा मेट्रिक) ठेवला, म्हणे एकच आहे. एकच नाही! ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर, त्यामुळे बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. पण हेडच्या बाजूचे आटे यूएनसी (इंची मापाचे जाड आटे), इंचाला १८, म्हणजे दोन आट्यांतलं अंतर १.४१ मिलिमीटर. एम ८चं १.२५. दोन-तीन फेरे मऊ जातो आणि मग अडतो. तिथं पाना लावून जोर केला की हेडचे आटे गेले. जुन्या अँबॅसिडरवर काम करून घेणाऱ्या प्रत्येकानं हे बघून घ्यावं असं मला कळकळीनं वाटतं.

माझे प्रश्न असे:

हेड गाडीवरच ठेवून, वरून हँड ड्रिलनं हे काम नीट होईल का? भोक मधोमध येण्यासाठी तुम्ही काय करता? हे भोक आत बंद आहे की पाण्याच्या जॅकेटमध्ये (हेडमधल्या पाणी फिरायच्या पोकळीत) उघडतं? आणि बर्नरनं तापवून उपयोग होईल का? बीड आणि पोलाद तापल्यावर जवळपास सारखेच फुगतात, म्हणून शंका आहे.

प्रतिसाद

नमस्कार दादा, मी शिरोली एमआयडीसीत टूलरूमला आहे. इझी-आउट नको म्हणताय ते शंभर टक्के बरोबर. आमच्याकडे स्पार्क इरोजनला (विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवून काढायच्या यंत्राला) येणाऱ्या कामांत मोडलेले टॅप आणि इझी-आउटच जास्त. त्यासाठी हेड उतरवून आणावं लागतं, म्हणून तो शेवटचा उपाय.

तापवण्याबद्दल: फुगणं सारखं असलं तरी उपयोग होतो. एकच भाग तापला की दोन्हींच्या तापमानात फरक पडतो आणि तेवढ्यानं गंजाची पकड तुटते. त्याहून चांगलं म्हणजे वेल्डिंग. मिग वेल्डिंगनं (तार आपोआप पुढे येत राहणाऱ्या वेल्डिंगनं) स्टडच्या मधोमध थेंब थेंब धातू चढवून पृष्ठभागाच्या वर आणायचा, त्यावर वॉशर, वॉशरवर नट ठेवून आतून वेल्ड करायचं. मिगचा धातू बिडाला सहजी धरत नाही, ते इथं आपल्या फायद्याचं. लाली गेली की नटाच्या कडेला मेणबत्तीचं मेण टेकवा, वितळून आत ओढलं जातं. मग पाना लावून आधी किंचित घट्ट, मग किंचित सैल, असं पुढं-मागं करत राहायचं. एका दमात पिळू नका. पहिल्यांदा नट तुटून आला तर दुसरा लावा, प्रत्येक वेळी मिळणारी उष्णता कामी येते.

वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा, पेट्रोलची नळी सोडवून तोंड बंद करा, कार्ब्युरेटरवर ओला गोणपाट टाका आणि आग विझवायचा सिलिंडर हाताशी ठेवा. यात हयगय नको.

तरीही नाही आला तर ड्रिल. १० मिलिमीटर जाडीची लोखंडी पट्टी घ्या, हाउसिंगच्या भोकांच्या मापानं तीन भोकं पाडा. दोन स्टड शाबूत आहेत, त्यांवर ती नटानं आवळायची. तिसऱ्या भोकात लेथवर केलेली बुश (ड्रिलला सरळ धरणारी पोकळ नळी) बसवायची, मधे ३ मिलिमीटरचं भोक. उद्यमनगरात कुठलाही टर्नर करून देईल. ड्रिल हलायचा प्रश्नच मिटला. उलट्या दिशेनं फिरून कापणारा (लेफ्ट हँड) ड्रिल मिळाला तर उत्तम, कधी कधी भोक पडता पडताच स्टड सुटून वर येतो. ३, मग ५, मग ६.५ मिलिमीटर. ६.५ला जुन्या आट्यांची तार तेवढी उरते, ती टोकदार सळईनं उकलून काढायची आणि टॅप फिरवून साफ करायचं. आटे खराब निघाले तर ५/१६ यूएनसीचं हेलिकॉइल (भोकात बसवायची नव्या आट्यांची तारेची गुंडाळी) बसवा, स्टडचं माप तेच राहतं.

भोक उघडं की बंद, यावर अंदाज नको. शेजारचा चांगला स्टड किती आत जातो ते मोजा आणि ड्रिलला तेवढ्या खोलीवर चिकटपट्टी लावा. थर्मोस्टॅटच्या तोंडात दोरा बांधलेला फडका कोंबा, ड्रिलला ग्रीस लावा, म्हणजे किस पाण्यात पडणार नाही.

प्रतिसाद

इचलकरंजीहून लिहितेय, आमच्याकडेही मार्क २ आहे. जुनं हाउसिंग परत बसवणार असाल तर काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्याचा तळ घासा. खड्डे राहिले तर गॅस्केट नवं असूनही गळतं. नवे स्टड बसवताना हाउसिंगमधून जाणाऱ्या भागाला अँटी-सीझ (धातू एकमेकांना धरू नयेत म्हणून लावायची पेस्ट) लावा आणि नट पितळेचे वापरा. आणि थर्मोस्टॅट कायमचा काढून टाका असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. इंजिन गरम व्हायलाच वेळ लागतो आणि पेट्रोल जास्त खातं. नवा लावण्याआधी गरम पाण्यात थर्मामीटरसकट बुडवून कधी उघडतो ते बघा.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. ती तीन भोकांची पट्टी माझ्या डोक्यातच आली नव्हती, आता ती आधी करून घेतो आणि मगच वेल्डरला बोलावतो. शेजारचा स्टड मोजून खोली इथं लिहीन, मार्क २ वाल्या बाकीच्यांनाही उपयोगी पडेल. काढलेला थर्मोस्टॅट गरम पाण्यात टाकून पाहिला, पाणी उकळलं तरी तो उघडला नाही, म्हणजे गाडी तापण्याचं कारण बहुधा सापडलं.

आता दोनच गोष्टी हव्यात. घरी येऊन मिग मारून देणारा, बिडाच्या कामाची सवय असलेला वेल्डर कोणाच्या माहितीत असेल तर कळवा, गाडी राजारामपुरीत आहे. आणि ५/१६ यूएनसी, १८ आट्यांचा टॅप कोणाकडे असेल तर उसना द्यावा. काम झालं की स्वतः आणून देईन.