मदत हवी आहे: ईएसएक्सआय ७ वरून ८ करताना जुना ड्रायव्हर आडवा येतोय

अंधेरीच्या ऑफिसात दोन रॅक सर्व्हर आहेत. दोन्हींवर सर्व्हर कंपनीच्याच कस्टम इमेजमधून टाकलेलं ईएसएक्सआय ७ (एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणारं व्हीएमवेअरचं सॉफ्टवेअर) आहे. ७ चा सपोर्ट २ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून ८ वर जायचंय.

त्याच कंपनीचा ८ चा कस्टम आयएसओ (इन्स्टॉलरची डिस्क-इमेज) रिमोट कन्सोलवरून माउंट केला, तर इन्स्टॉलर 'कॉन्फ्लिक्टिंग व्हीआयबी' (व्हीआयबी म्हणजे ईएसएक्सआयमधलं ड्रायव्हर किंवा टूलचं पॅकेज) म्हणून दोन नावं दाखवतो: रेड कार्डाचं (अनेक डिस्क एकत्र जोडणाऱ्या कार्डाचं) टूल आणि १० गिगाबिट नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर. साध्या आयएसओने बूट केलं, तर नेटवर्क कार्डच सापडत नाही. बायोस, फर्मवेअर अपडेट झालेत. कार्ड ८ च्या कंपॅटिबिलिटी यादीत आहे, तेही पाहिलं.

रेडचं टूल मी बिनधास्त काढलं, काही बिघडलं नाही. ड्रायव्हर काढायला मात्र हात धजत नाही. बूट आणि डेटास्टोअर (व्हर्च्युअल मशीनच्या फाइल्सची जागा) एकाच रेड व्हॉल्यूमवर आहेत. व्हीसेंटर (सगळे सर्व्हर एका जागेवरून सांभाळणारं सॉफ्टवेअर) नाही. बॅकअप नॅसवर (नेटवर्कवरच्या स्टोरेजवर) आहे, पण सगळं रिस्टोअर करायला रात्र पुरणार नाही, आणि डाउनटाइम फक्त शनिवारी रात्रीचा मिळतो.

तर ड्रायव्हरचं व्हीआयबी काढून, रीबूट होताच थेट आयएसओवरून अपग्रेड करू, की 'प्रिझर्व्ह व्हीएमएफएस' (डेटास्टोअर न पुसण्याचा पर्याय) निवडून नव्याने इन्स्टॉल करू? दुसऱ्या मार्गात एकाच व्हॉल्यूमवरचा डेटास्टोअर खरंच शाबूत राहिल्याचा कुणाला स्वतःचा अनुभव आहे का?